ज्याचा शर्ट त्यानेच आणायचा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लाँड्रीत कपडे टाकायचे तर ते आधी घरी एकदा धुऊन न्यावेत असं वाटतं, इतका त्या दुकानाचा दरारा आहे. काउंटरपलीकडच्या काकू तुमचा शर्ट दोन बोटांच्या चिमटीत असा उचलतात, की मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकायला निघाल्या आहेत. मग तो उजेडापुढे धरतात, कॉलर उलटी करतात, काखेजवळ नाक नेतात आणि म्हणतात, "शी." तेवढ्या एका अक्षरात तुमच्या आठवड्याचं चरित्र आटोपतं. आखूड 'शी' म्हणजे नुसता घाम. लांबवलेली 'शी' म्हणजे सोडली सोडली म्हणून सांगत होता ती तंबाखू पुन्हा सुरू झाली. आणि 'शी'नंतर त्या काहीच बोलल्या नाहीत तर खुशाल समजावं, की ही पँट आता पायपुसणं होण्याच्या लायकीची झाली.

गल्लीत त्यांना सगळे शीकाकू म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत कुणाची नाही. पण त्यांना ते ठाऊक आहे, आणि त्याचीही त्यांना किळस येते.

मी त्यांच्या बरोब्बर वर, पहिल्या मजल्यावर राहतो. खालच्या इस्त्रीची वाफ माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येते आणि वाफेबरोबर काकूंची मतंही. त्यामुळे या जगात किळस येण्यासारखं काय काय आहे, याचं माझं शिक्षण घरबसल्या झालं. ओल्या छत्र्या, हात न धुता पाव कापणारे बेकरीवाले, हातावर शिंकून मग तोच हात प्रेमाने पुढे करणारे पाहुणे. पण या सगळ्यांच्या वर भाषण करणारी माणसं. त्यातून भाषण सैनिकांच्या शौर्यावर असलं तर काकूंना ओकारी येते, आणि हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. माजी सैनिक संघटनेच्या एका समारंभातून त्या तोंडावर रुमाल धरून उठल्या होत्या आणि बाहेरच्या नळापर्यंत कशाबशा पोचल्या होत्या.

त्यांचे यजमान, म्हणजे काका, फौजेत होते. परत आले ते एक पत्र्याची ट्रंक आणि न लागणारी झोप घेऊन. मग दुकानात बायकोशेजारी उभे राहून इस्त्री करू लागले. त्यांनी घडी घातलेल्या शर्टाच्या कडेने पट्टीशिवाय रेघ मारता यावी, असं काम. माणूस गोड, हळू बोलणारा. फक्त बाहेर कुणी शटर आपटलं, की हातातली इस्त्री जागच्या जागी थांबायची आणि खालचं कापड करपायचं. काका, लक्ष कुठाय, असं गिऱ्हाईक विचारायचं. इथंच आहे की, काका म्हणायचे. ते तिथे नव्हते हे सगळ्यांना दिसत होतं. आणि एका सकाळी ते खरोखरच नव्हते. त्यांनी आपला जीव आपणच घेतला होता.

पुढचं आठवलं, की माझंही तोंड काकूंसारखं होतं. संघटनेचे चिटणीस, चोपून भांग पाडलेले गृहस्थ, घरी आले, आणि दोन शब्द बोलण्याआधी त्यांनी दार लावून घेतलं. वहिनी, बाहेर बोलताना जरा जपून, म्हणाले. तुकडीच्या नावाचा प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं: अल्पशा आजाराने निधन.

"अल्पसा," काकू अजून म्हणतात. "अकरा वर्षं हा माणूस माझ्या शेजारी जागा होता. अल्पसा म्हणे."

मग भेटायला येणाऱ्यांच्या तोंडून एकेक गोष्ट हळूच बाहेर पडू लागली. काकांनी धाकट्या भावाला फोन करून 'वहिनीकडे लक्ष ठेव' असं सांगितलं होतं. एका जुन्या सोबत्याला त्यांनी हातातलं घड्याळ काढून देऊन टाकलं होतं. रात्री उठून ते पुन्हा पुन्हा दाराची कडी चाचपतात, हे काकूंना माहीत होतं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता आणि प्रत्येकाने तो इमानेइतबारे दडवला होता. कशाला उगीच त्याची लाज चव्हाट्यावर आणा, म्हणून. ते तुकडे वेळेवर एकमेकांना दाखवले असते तर, एवढंच काकू म्हणतात आणि वाक्य अर्धं सोडतात. त्या सगळ्या चांगुलपणाची त्यांना शिसारी बसली, त्यात स्वतःचाही धरून.

तेव्हापासून दुकानाला एक नियम लागला. आमच्या भागात गोदामं, बँका, मोठी दुकानं पुष्कळ, आणि त्यांच्या दारांत रखवालदार म्हणून उभी असलेली निम्मी माणसं फौजेतून निवृत्त झालेली. त्यांच्या गणवेशाचे दोन जोड असतात. एक अंगावर, एक काकूंकडे; रोज एक टाकायचा, एक न्यायचा. नियम असा, की ज्याचा शर्ट त्यानेच आणायचा. मित्राबरोबर पाठवलेला, बायकोने आणून दिलेला, चालत नाही. गणवेशांची अदलाबदल होते, असं कारण काकू देतात. खरं कारण काउंटरवर दोन मिनिटं उभं राहिलं की कळतं. शर्ट बघता बघता त्या माणूस बघतात.

"झोपला नाहीस रात्री."

"झोपलो की, काकू."

"मग तोंड असं पिळून टाकल्यासारखं का? आणि एवढ्या थंडीत काखेत घाम? शी. बोललास का कुणाशी, का नुसताच शर्टात मुरवतोयस?"

मग तो माणूस काहीतरी बोलतो. फार नाही, पण बोलतो. एखादा दोन दिवस फिरकला नाही, तर त्याच्या घरी फोन जातो, की तुमच्या माणसाचा गणवेश माझ्याकडे कुजत पडलाय, द्या त्याला फोनवर. एवढ्या घाणेरड्या शब्दांत कुणी आपली वाट बघत असलं, तरी माणसाला बरं वाटतं, हे मी त्या फोनांवरून शिकलो.

मध्यंतरी संघटनेने मदतीच्या फोनची पोस्टरं वाटली. त्यावर मावळतीचा सूर्य, सूर्यासमोर सलाम ठोकणारी सैनिकाची काळी आकृती, वर एक पक्षी, आणि 'तुम्ही आमची शान' असं काहीसं ठळक अक्षरांत. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो फोन नंबर खाली कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढा. पोस्टर पाहून काकूंनी 'शी'च्या सगळ्या जाती एका दमात संपवल्या. सूर्य, सैनिक आणि पक्षी यांना फळीवर उताणं घालून त्यांच्यावर पडद्यांचे गठ्ठे रचले, आणि तो नंबर ब्रशने वीतभर आकड्यांत भिंतीवर, दरपत्रकाच्या बरोब्बर वर रंगवला. त्याखाली लिहिलं: मरावंसं वाटत असेल तर आधी इथे बोला. नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, की हा धुलाईच्या दरांबद्दलचा इशारा आहे.

काकूंच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांत दोघांची जोडी होती: तोफखाना आणि वायरलेस. तोफखान्याने आपले कान तोफांपाशी ठेवले आणि तो घरी आला, त्यामुळे 'आज उकडतंय' हेही तो शत्रूच्या गोटात पोचेल अशा आवाजात सांगतो. वायरलेस संदेश धाडणाऱ्या विभागातला. बारीक, चिवट आणि शब्दांच्या बाबतीत कंजूष. त्याच्याकडे एक जुना रेडिओ होता, स्वतः उघडून स्वतः जोडलेला. त्यावर तो दूरदूरची, एक अक्षरही न कळणाऱ्या भाषांतली स्टेशनं ऐकत बसायचा. काय सांगतायत रे, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, हवामान असेल. दोघे एकाच तुकडीतले आणि आता एकाच गोदामाच्या फाटकावरचे.

एका बुधवारी दुपारी तोफखाना एकटाच आला, दोघांचे गणवेश घेऊन. त्याचं बोलणं ऐकायला मला खाली जावं लागत नाही. वायरलेसचा पाय मुरगळलाय, कामावर कसाबसा येतो, पण इथवर चालवत नाही, म्हणून मीच आणला, असं तो अख्ख्या गल्लीला सांगत होता. काकूंनी नियम सांगितला. त्याने गयावया केलं. अखेर काकूंनी तो दुसरा शर्ट ओढून घेतल्याचा आवाज आला आणि मी वरती 'शी'ची वाट पाहू लागलो.

ती आलीच नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मी चप्पल न घालता जिना उतरलो.

काकू शर्ट हुंगत होत्या. काख, कॉलर, पाठ, पुन्हा काख.

"डांबरगोळीचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "मुठीत धरून चुरगळलाय. काखेला नळाचं पाणी लावलंय. हा शर्ट कुणाच्या अंगावर चढलेलाच नाही."

तोफखान्याने कानाला हात लावून काय म्हणालात म्हणून विचारलं. अडचणीत आला की तो आहे त्याहून जास्त बहिरा होतो. काकूंनी इस्त्रीची वायर भिंतीतून उपटली. भर दुपारी ती इस्त्री थंड होताना मी कधी पाहिली नव्हती.

"कानांनी जमत नसेल तर ओठ बघ माझे. कुठाय तो?"

मग सगळं बाहेर पडलं. वायरलेस सोमवारपासून कामावर गेलाच नव्हता. गोदामात तोफखाना त्याची हजेरी लावत होता आणि दोघांच्या पाळ्या एकटा काढत होता. वायरलेसची बायको बहिणीच्या बाळंतपणासाठी परगावी गेलेली. नवरा फोन उचलत नाही म्हणून ती तोफखान्याला फोन करायची, आणि हा सांगायचा, वहिनी, तो आत्ताच फेरीवर गेला. आणि काकूंना संशय नको, म्हणून गोदामातल्या पेटीतून काढलेला हा शर्ट. त्यांच्या तुकडीत असंच चालायचं. पहाटेच्या रांगेत एखाद्याला उठवत नसलं, की शेजारचा त्याच्या नावाला ओ द्यायचा. वायरलेसने याच्या नावाला कितीदा तरी ओ दिली होती. आता याची पाळी. सांगताना त्या आडदांड माणसाच्या चेहऱ्यावर भीती होती, पण खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही होता.

"त्यानं शपथ घातलीय, काकू. मी त्याला उघडा पाडणार नाही."

"काही दिलंय का त्यानं तुला?"

"दिलंय म्हणजे?"

"वस्तू. स्वतःची."

तोफखाना आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "रेडिओ. म्हणाला, ठेव तुझ्याकडे. मला आता काही ऐकायचं नाही."

काकूंनी तो शर्ट काउंटरवर ठेवला आणि हात पुसले, स्वच्छ असलेले हात.

"तुझ्या दोस्तीची मला किळस येते," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यालाही असलेच दोस्त होते. आणि असलीच बायको. चल, पुढे हो."

वायरलेसचं घर मागच्या रस्त्याला, सगळ्यात वरच्या मजल्यावर. लिफ्ट बंद, जिन्यात मांजराचा आणि कुणाच्या तरी सडलेल्या बटाट्यांचा वास. काकूंचे गुडघे गेली कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी गुडघ्यांना विचारलंच नाही. वर पोचताच तोफखान्याने दारावर ठोसा उगारला. काकूंनी त्याचा हात धरला. दारं आपटलेली फौजेतून आलेल्या माणसाला कशी लागतात ते तुला मी सांगायला हवं का, असं म्हणाल्या आणि स्वतः दाराशी तोंड नेऊन त्यांनी सांगितलं, की लाँड्रीवाली आलेय, उघड. बराच वेळ काही झालं नाही. मग कडी निघाली.

खोलीचा वास आधी अंगावर आला. नासलेलं दूध, बंद खिडक्या, न धुतलेला माणूस. पडदे ओढलेले. कोपऱ्यातला पलंग फौजी पद्धतीने ताणून घातलेला, चादरीला एक सुरकुती नाही; म्हणजे त्याच्यावर कुणी झोपलंच नव्हतं. वायरलेस खुर्चीत मुक्काम ठोकून होता. खुर्चीभोवती पेले, पावाचे कडक झालेले कोपरे, हिरवी बुरशी धरलेलं एक संत्रं, त्यावर माशा. मला तिथून पळून जावंसं वाटलं. आणि एका टीचभर शपथेखाली हे सगळं सोमवारपासून झाकलेलं होतं, या विचाराने मला त्या संत्र्यापेक्षा जास्त मळमळलं.

काकूंनी एक स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या.

"मरायचा विचार करतोयस का?"

"काहीतरीच काय, काकू," तोफखाना म्हणाला. "तो तसला नाही."

"तुला विचारलेलं नाही."

असा प्रश्न विचारला की नसलेलं मनात भरतं, अशी माझीही समजूत होती. पण वायरलेसकडे बघितल्यावर ती समजूत मी तिथेच टाकली. कुणीतरी पुढे होऊन डोक्यावरचं ओझं धरावं, तशी त्याची मान जरा सैल झाली.

"हो," तो म्हणाला. "ही परत यायच्या आत."

काकू रडल्या नाहीत. शूर माणसं असं करत नाहीत, हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. बायकोचा तरी विचार करायचास, हेही नाही. बरं झालं सांगितलंस, एवढंच म्हणाल्या, आणि त्याचा हात हातात ठेवून दुसऱ्या हाताने दुकानाच्या भिंतीवरचा तो पाठ झालेला नंबर लावला. पलीकडून एक शांत आवाजाची बाई बोलली. तिने भाषण केलं नाही, म्हणून ती काकूंना पहिल्या वाक्यात पसंत पडली. ती वायरलेसशी बोलली. त्याच्यापेक्षा जास्त वेळ ऐकत राहिली. मग तिने काकूंना सांगितलं, की त्याला एकटं सोडू नका, आजच दवाखान्यात न्या, आणि घरात त्याच्या हाताशी नको असं काही असेल तर ते आधी बाहेर काढा. होतं. कुठे आहे ते वायरलेसने स्वतः सांगितलं आणि तोफखान्याने ते उचलून नेलं. काय होतं ते मी लिहिणार नाही. लोकांना नेमकी तेवढ्याचीच उत्सुकता असते, आणि त्या उत्सुकतेचीही मला किळस आहे.

वायरलेसच्या बायकोला फोन लावून काकूंनी तो तोफखान्याच्या हातात दिला. खोटं तू बोललास, खरंही तूच सांग, असा हुकूम. त्याने सांगितलं. 

"भाऊजी," ती म्हणाली, "मी रोज त्यांचा आवाज मागत होते. तुम्ही मला फेऱ्या सांगत होता."

त्याला हे नीट ऐकू आलं. मिळेल त्या बसने निघते म्हणून तिने फोन ठेवला तरी तो कानालाच धरून उभा राहिला.

माजी सैनिकांचा दवाखाना गोदामांच्या पलीकडे आहे. आम्ही पोचतो न पोचतो तोच चिटणीस हजर. गोदामातून कुणीतरी त्यांना कळवलं असणार. अशी बातमी सुगंधासारखी पसरते, असं म्हणणार होतो, पण चिटणिसांच्या अत्तराने तो शब्द माझ्यासाठी कायमचा नासवला आहे. ते काकूंना बाजूला घेऊन हळू आवाजात समजावू लागले. पोटाचा विकार म्हणून सांगा, बाकीचं डॉक्टरांशी मी बघतो. याची नोकरी आहे, तुकडीचं नाव आहे, आणि पुढच्या आठवड्यात आपला वर्धापनदिन. अशात गवगवा बरा नव्हे. काकूंनी त्यांना भांगापासून बुटापर्यंत एकदा बघून घेतलं.

"इतकी वर्षं या धंद्यात काढली," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला कुठल्या पाण्यात घालावं ते मला अजून कळत नाही."

नोंदणीच्या खिडकीतल्या माणसाने काय त्रास होतोय म्हणून विचारलं. तोफखान्याचं तोंड सवयीने उघडलं आणि वहिनींच्या आठवणीने मिटलं. वायरलेस पुढे झाला.

"मला जगावंसं वाटत नाही," तो म्हणाला. "मदत हवीय."

खिडकीतला माणूस दचकला नाही. बसा, डॉक्टर आत्ता बोलावतील, सोबत कोणी आहे ना, एवढंच त्याने विचारलं. हे त्याने पोटदुखीला विचारावं तितक्या साध्या आवाजात विचारलं, आणि त्या दिवसात मला पहिल्यांदा कुणाचीतरी किळस आली नाही.

डॉक्टरांचं एकदा बोलणं होऊन वायरलेसला ठेवून घ्यायचं ठरलं, खाट रिकामी होईपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो, तेवढ्यात त्याची बायको आली. हातातली पिशवी खाली न ठेवताच ती त्याच्याशेजारी बसली. घरी आधी जाऊन आलेली दिसत होती, कारण पहिलं वाक्य बोलली ते असं, की दूध तरी फेकायचंत. मग तिने त्याच्या शर्टाची बाही मुठीत घट्ट धरली आणि पुढे कितीतरी वेळ ती सोडली नाही. तोफखाना समोर भिंतीला टेकून उभा होता. उभ्या उभ्या त्याचा तोल जात होता.

"भाऊजी, तुम्ही झोपलात कधी शेवटचं?"

दोन पाळ्या झाल्या ना, म्हणून जरा, तो म्हणाला. बाकी आपण ठणठणीत.

"तो ठणठणीत नाही," वायरलेस म्हणाला. "पाळ्यांच्या आधीपासून झोपत नाही तो. गोदामाच्या मागे जाऊन रडतो. मला माहीत होतं. मीही कुणाला सांगितलं नाही."

तोफखान्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की आता मारतो की काय. चिटणीस दाराशी अजून घुटमळत होते, घड्याळ बघत. तोफखान्याने भिंत सोडली, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खिडकीतल्या माणसाने काय त्रास होतोय म्हणून विचारलं, आणि तोफखान्याने सांगितलं. त्याला हळू बोलता येत नाही. बाकांवरच्या सगळ्या माणसांना ते ऐकू गेलं, आतल्या खाटांवरच्यांना गेलं, चिटणिसांनी घाईघाईने दार लोटून घेतलं, पण तोवर ते रस्त्यापर्यंत पोचलं होतं.